रेडीमेड पँटचा डावा पाय

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. शाळेतले मास्तर पट्टीने मारायचे, हे पट्टीने मोजायचे, एवढाच काय तो फरक. बाजारात कोपऱ्यावर दुकान, आत मशीनमागे मास्तर: गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात धरूनही ते बोलायचे आणि गिऱ्हाइकाला ते कळायचंही. 'उद्या या' हे तर टाचण्यांसकटच जास्त स्वच्छ ऐकू यायचं.

असा माणूस दुकानाला कुलूप लावून परदेशात जातो म्हटल्यावर अख्ख्या बाजाराने तोंडात बोटं घातली. सोबत कोण, तर लहानपणापासूनचे दोन दोस्त. एक कंडक्टर. बसमधून रिटायर झाले तरी घरात शिरताना पाहुण्यांना 'पुढे सरका' म्हणणारे. दुसरे फोटोवाले. त्यांचा भाचा तिकडे नोकरीला. त्याने एका लाँड्रीच्या वर दोन खोल्या बघून दिल्या. खाली मालकीणबाईंची मशीनं दिवसभर घुंई घुंई करायची आणि वर यांचे पलंग हलायचे. फोटोवाल्यांना वाटायचं, अजून विमानातच आहोत.

मास्तर फिरायला आलेच नव्हते, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. कंडक्टरांच्या बायकोला जाऊन आता बराच काळ झाला होता. परगावचा मुलगा म्हणत होता, बाबा, आता कायमचे माझ्याकडे या. कंडक्टर हो म्हणून बसले होते. परत गेल्यावर सामान बांधायचं, बस. मास्तरांनी विचार केला, महिना-दोन महिने आपल्यासोबत राहिला, खाल्लं-प्यायलं, हसला-खिदळला, की याचा बेत बदलेल. पण तोंड उघडून 'जाऊ नकोस' म्हणायचं कसं? ते काही त्यांना जमेना. मग रोज नुसतंच म्हणायचे, "आपला गाव तो आपला गाव." कंडक्टर म्हणायचे, "हं, डास फार आहेत."

परतीला थोडे दिवस उरले आणि माशी शिंकली. कंडक्टर एका मोठ्या दुकानाची चकचकीत पिशवी घेऊन आले. आत राखाडी पँट. घातली आणि आरशासमोर उभे राहिले. मास्तर चहा पीत होते.

"कुणी शिवली?"

"रेडीमेड आहे."

झालं! मास्तरांसमोर हा शब्द म्हणजे उघड शिवी. या माणसाची लग्नातली पँट त्यांनी शिवलेली, नोकरीतली खाकी त्यांनी शिवलेली, सगळं सगळं त्यांनी शिवलेलं.

"याला शिलाई म्हणतात? दोरा ओढला तर पोत्यासारखी उसवेल!"

"मग ओढू नकोस."

"मी मेलो होतो का रे?"

"मुलाकडे जायचंय कायमचं. तिथे एक तरी दुकानातली पँट असावी म्हटलं. त्यात एवढं काय!"

कायमचं! महिनाभर जो शब्द टाळला तो नेमका पँटच्या पायी निघाला. मास्तरांचा तोल गेला. "जा मग! जायचं तर जा!"

"जातो!" म्हणाले कंडक्टर, आणि दार आपटून जिना उतरले.

आता बघा, आपल्यात घराबाहेर पडताना कुणी 'जातो' म्हणतं का? कोपऱ्यावर दाढी करायला निघालेला माणूससुद्धा 'येतो' म्हणतो. वेडा भांडून निघाला तरी 'येतो, बघतो तुला' म्हणतो. मास्तर तर या बाबतीत फार हळवे. आल्या आल्या त्यांनी भाच्याला विचारून घेतलं होतं की आपण 'येतो' म्हणतो त्याला इकडच्या भाषेत काय म्हणतात. भाचा मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला. त्याने आपला शब्दाला शब्द सांगितला. तेव्हापासून मास्तर रोज सकाळी मालकीणबाईंना वाकून म्हणायचे, "मी येतोय." आणि निघून जायचे. बाई बिचाऱ्या दाराकडे बघत बसायच्या की हा माणूस समोर उभा राहून येतोय म्हणतो आणि पाठ फिरवून चालू लागतो!

तर कंडक्टर 'जातो' म्हणाले, आणि मास्तर दिवसभर जिन्याकडे कान लावून बसले. संध्याकाळी कंडक्टर परत आले खरे, पण बोलणं बंद. मधे फोटोवाले.

"त्याला सांग, मीठ दे म्हणावं."

"अरे, तो तुझ्या मांडीला मांडी लावून बसलाय."

"तू सांग."

त्यात पँटचा वेगळाच तमाशा. डावा पाय टाचेखाली यायचा. कंडक्टर जिन्यावर अडखळले, फुटपाथवर अडखळले, मालकीणबाईंना नमस्कार करताना थेट धुतलेल्या चादरींच्या टोपलीत जाऊन बसले. तणतणत दुकानात गेले, पँट बदलून आणली. तिचाही डावा पाय लांब. पुन्हा बदलली. पुन्हा तेच.

"काय देश आहे!" ते भिंतीला ओरडून सांगत होते. "दरवाजे आपोआप उघडतात, नळ आपोआप वाहतात, पण दोन पाय सारखे कापायची अक्कल नाही!"

मास्तर न वाचता येणाऱ्या पेपराआड तोंड लपवून बसले. त्यांना खरं काय ते माहीत होतं. कंडक्टरांचा डावा पाय अर्धं बोट आखूड होता. लग्नातल्या पँटचं माप घेतानाच मास्तरांच्या ते लक्षात आलं होतं. नवरदेव एवढा खुशीत होता. आता याला कशाला सांगायचं? त्यांनी गुपचूप डावा पाय तेवढाच आखूड कापला आणि पुढे प्रत्येक पँट तशीच कापत आले. कंडक्टरांच्या बायकोलाही कधी बोलले नाहीत. आताही बोलले नाहीत. पण पेपराआड जीव तुटत होता, की मुलाच्या गावात याच्या पायाची कुणाला काय पडलीय!

लाँड्रीत एका कोपऱ्यात जुनं शिलाई मशीन पडून होतं. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात त्याला तेलपाणी करून चालू केलं होतं, कारण नुसतं बसलं की त्यांचे पाय आपोआप पायडल मारायला लागायचे. येणाऱ्याजाणाऱ्याची एखादी उसवलेली शिवण ते घालून द्यायचे. भांडणानंतर तर दिवसभर तिथेच. निघायच्या दोन दिवस आधी मास्तरांना वाटलं, आता बाईंचा रीतसर निरोप घ्यावा. डोळ्यांत पाणी आणून, छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "आम्ही येतोय." बाईंचेही डोळे भरून आले. त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात हातात घेतले.

त्याच दुपारी काचेवर मास्तरांचा मोठा फोटो लागला, गळ्यात टेप असलेला. खाली ठळक अक्षरांत काहीबाही लिहिलेलं. फोटो फोटोवाल्यांनीच काढलेला, त्यामुळे ते नुसते हवेत. त्यांनी त्या फोटोशेजारी उभं राहून स्वतःचेही फोटो काढून घेतले.

"परदेशात लागला आपला फोटो! बाईंनी आठवण म्हणून लावला."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा सामान न्यायला आला, त्याने काच वाचली आणि डोक्यालाच हात लावला. लिहिलं होतं: 'आता कायमचे आमच्याकडे: परदेशी मास्तर! कपडे आजच टाका.' आत बघतो तर काय, काउंटरवर कोट, झगे, पडदे, पँटी यांचा हा एवढा ढीग, आणि दारात रांग.

"मास्तरमामा, तुम्ही बाईंना काय सांगितलंत?"

"येतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?"

"अहो, म्हणजे त्यांना वाटलं तुम्ही राहायला येताय!"

बाईंना समजावल्यावर त्या मटकन खाली बसल्या. भाचा म्हणाला, कपडे परत देऊन टाका, उद्या विमान आहे. मास्तरांनी मान हलवली. "टाकलेलं कापड न शिवता परत? माझ्या हातून नाही व्हायचं. टाचण्या आण."

मग त्या लाँड्रीत जो गोंधळ झाला तो विचारू नका. फोटोवाले इस्त्रीला उभे राहिले. प्रत्येक गिऱ्हाइकाला हनुवटी जरा वर घ्यायला सांगून मगच कपडा देत होते. कंडक्टर कुणी न सांगता दारात गेले. "चला, पुढे सरका, पुढे सरका! बाई, दारात उभं राहायचं नाही, आत जागा आहे!" एक अक्षर कुणाला कळत नव्हतं, पण सगळे पुढे सरकत होते. काउंटरवरची घंटी त्यांनी हातात घेतली होती. काम झालेल्या गिऱ्हाइकाला बाहेर सोडायचं की कंडक्टर ती दोनदा वाजवायचे, टण् टण्. मालकीणबाई प्रत्येक वेळी दचकायच्या.

"त्याला सांग, एकेकालाच आत सोड म्हणावं," मास्तर.

"त्याला सांग, बस कशी भरायची ते मला शिकवू नको म्हणावं," कंडक्टर.

फोटोवाले दोघांच्या मधे इस्त्री धरून घाम पुसत होते.

दिवेलागणीला ढीग संपला. तळाशी राखाडी पँट निघाली. मास्तरांनी ओळखली. बाईंनी दाराकडे बोट दाखवलं आणि अडखळून चालण्याची अशी हुबेहूब नक्कल केली की शंकाच उरली नाही. दारात कंडक्टर पाठमोरे उभे राहून घंटी पुसत होते. पुसून पुसून तिचं पॉलिश जायची वेळ आली होती.

मास्तरांनी पँट उलटी केली. माप घेतलं नाही, ते हातातच होतं. डावा पाय अर्धं बोट जास्त कापला, दोन्ही पाय दुमडून शिवले, कंबर जरा आत घेतली, आणि वर ते पोत्याचं म्हणून हिणवलेलं टाकेकामही सगळीकडून पक्कं केलं. पँट हँगरला लावली.

सकाळी निघताना भाच्याने निरोपाचा खरा शब्द शिकवला. मास्तरांनी अर्थ विचारला. "जातो," भाचा म्हणाला. मास्तरांची जीभ काही वळेना, त्यांनी नुसते हात जोडले. तेव्हा मालकीणबाईच त्यांच्या भाषेत म्हणाल्या, "मी येतेय!" आणि होत्या तिथेच दारात उभ्या राहून हसल्या.

विमानतळावर तपासणीला पट्टे काढायला लावले. फोटोवाल्यांना दोन्ही हातांनी कंबर धरून चालावं लागलं. कंडक्टरांची राखाडी पँट जागची हलली नाही, आणि पायही अडकला नाही. बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "पँट बसली बरोबर."

इतक्या दिवसांनी मास्तरांना थेट म्हटलेलं हे पहिलं वाक्य.

"हं."

"डावा पाय जास्त कापलास?"

मास्तरांच्या तोंडात नेमक्या टाचण्या नव्हत्या. "अर्धं बोट."

"मास्तर, माझ्या कपड्यांना इस्त्री मीच करतो. घडी घालताना पाय जुळवायला गेलो की डावा आखूड. पहिल्या पँटपासून! मला वाटायचं, तुझी कात्रीच तिरकी चालते. म्हटलं जाऊ दे, दोस्त आहे, सांगून कशाला मन दुखवायचं? दुसरीकडे शिवायला टाकली असती तर बाजारभर झालं असतं."

"अरे गाढवा, मग ही रेडीमेड कशाला?"

"मुलाकडे सूनबाई घडी घालणार. तिने पाहिलं असतं. माझ्या मास्तराला कापता येत नाही असं तिने म्हटलेलं मला चाललं नसतं." कंडक्टरांनी नाक ओढलं. "तीन पँटी झाल्या तेव्हा उजेड पडला. कात्री नाही, पायच तिरका."

मास्तर आधी हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम करू लागले. फोटोवाल्यांना उभं राहून फोटो काढायचा होता, पण पट्टा अजून परत मिळाला नव्हता, हात सोडले असते तर पँट गेली असती. आणि त्या भरात मास्तर एकदाचं बोलून गेले, "जाऊ नकोस रे."

कंडक्टर मुलाकडे गेलेच. नातवंडं वाट बघत होती. पण स्टँडवर बसमध्ये चढताना मागे वळून म्हणाले, "येतो." मास्तर म्हणाले, "ये."

काही दिवसांतच ते दुकानात हजर. हातात ती राखाडी पँट.

"शिवण गेली रे. तिकडे कुणाला डावा पाय समजत नाही."

मास्तरांनी शिवण उजेडात धरली. टाका झिजला नव्हता, तुटला नव्हता. ब्लेडने नीट, सावकाश उसवलेला होता. मास्तरांनी चार टाचण्या उचलून तोंडात धरल्या आणि म्हणाले, "आज नाही जमणार. उद्या ये."