तार न लावलेली दोन नंबरची बॅटरी

भूत, करणी, नजर, अंगात येणं… मी यातलं काहीही मानत नाही. नुसतं मानत नाही असंही नाही, चार वर्षं त्याविरुद्ध पत्रकं लिहून, छापून, उन्हातान्हात वाटत आले आहे. या सदरातले अनुभव वाचून "थापा" म्हणणाऱ्यांत माझा नंबर पहिला. आज इथे लिहायला बसले ते मत बदललं म्हणून नाही. माझ्याच एका पत्रकात एक वाक्य खोटं छापलं गेलंय, आणि ते दुरुस्त करायचं तर काय घडलं ते सगळं सांगावं लागतं.

आमची वस्ती चिखली तालुक्यात. उंद्रीकडून येणारा जुना रस्ता एका ठिकाणी सरळ धरणाच्या पाण्यात उतरतो आणि पलीकडच्या काठावर पुन्हा वर येतो. मधे पाणी. त्या पाण्यावर पूल होणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे. पावसाळ्यानंतर धरण भरलं की गाडीला वळसा घालून दीड तास लागतो, तोही रस्ता चिखलाने अडला नसेल तर. सरळ पाण्यावरून पंचवीस मिनिटं. म्हणून आम्ही धडपड करून एक जुनी फायबरची बोट मिळवली, मागे सेकंडहँड इंजिन. चालवायला शेषरावकाका. यांचा जन्म मासेमारीत गेला, अक्षरओळख बेताची, पण पाणी तोंडपाठ.

बोटीत एकच बॅटरी होती, ट्रॅक्टरमधून काढलेली. तिच्यावरच इंजिन, तिच्यावरच दिवा, पाणी उपसायचा पंप, आणि खरं सांगायचं तर माझा भोंगासुद्धा. दर बाजाराच्या दिवशी बोट काठाला लावून मी भोंग्यावर "पूल पाहिजे" सुरू करायची आणि मग काका इंजिनाशी झगडत बसायचे. शेवटी ठरलं, दुसरी बॅटरी आणायची आणि मधे ड्युअल बॅटरी स्वीच बसवायचा. लाल गोल मूठ, चार जागा… बंद, एक, दोन, दोन्ही. एक नंबर रोजची, दोन नंबर फक्त अडीअडचणीला.

वायरिंग करायला चिखलीहून रफीकभाई आले. ट्रॅक्टर-जीपचं इलेक्ट्रिक काम करतात, बोट आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. तरी दिवसभर उकिडवं बसून त्यांनी सगळं ओढलं. संध्याकाळी एकच काम राहिलं. दोन नंबरची जाड तार बॅटरीला लावायची, तर तिच्या टोकाचं थिंबल, म्हणजे बोल्टात अडकवायची धातूची कडी, लहान पडलं. रफीकभाईंनी ते टोक आपल्या जुन्या दस्तीच्या, म्हणजे रुमालाच्या, चिंधीत गुंडाळलं, गाठ मारली, बाजूला सारलं. मला म्हणाले की बुधवारी मोठं थिंबल घेऊन येतो, तोवर दोन नंबर नाही असंच समजा, काकांना सांगा.

मी काकांना सांगितलं नाही.

विसरले म्हणून नाही. माझं लक्ष दुसरीकडे होतं. मी स्वीचवर लावायचे मराठी कागद आधीच छापून आणले होते, प्लास्टिकमध्ये घालून. ते चिकटवले, फोटो काढला, "आता बोट सुरक्षित!" असं लिहून वस्तीच्या ग्रुपवर टाकला. आमच्या कामात ही खोड असते… कागद झाला की काम झालं असं वाटतं.

मंगळवारी बाजार होता. सकाळी दीड तास भोंगा चालवला, अर्थात एक नंबरवर. दुसरी जोडलेली होतीच कुठे!

दुपारी तीनच्या सुमारास वंदनावहिनीला कापूस वेचताना पायाला घोणस चावली. ही वहिनी म्हणजे माझी कायमची टीकाकार. "तुह्या पत्रकानं चूल लवकर पेटते, येऊ दे अजून," असं तोंडावर म्हणणारी. तिच्या सासूने शेजारच्या वाडीच्या मांत्रिकाकडे न्यायचं काढलं. मी आडवी आले. पाय हलवू नका, आवळून बांधू नका, थेट दवाखाना, हे सगळं मी पत्रकात लिहिलेलं आणि तेव्हा ओरडून सांगितलेलं. सासू रडत होती, मी ऐकलं नाही. माझ्या शब्दावर वहिनीला बोटीत घातलं. पलीकडच्या काठावर अँब्युलन्स येऊन उभी असल्याचा फोनही आला.

इंजिन कसंबसं लागलं. निम्मं पाणी ओलांडलं आणि पंख्यात शेवाळ अडकून ते बंद पडलं. काकांनी वाकून शेवाळ तोडलं, बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. बॅटरी संपली होती, माझ्या भोंग्याने खाल्ली होती. काकांनी इंजिन हाताने सुरू करायची दोरी ओढली, तिसऱ्या ओढीला ती तुटली. वारा आम्हाला धरणाच्या भिंतीकडे ढकलत होता. वल्हं एकच. वहिनी बॅटरीच्या पेटीवरच्या फळीवर आडवी, पाय घोट्यापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त यायला लागलेलं. पलीकडे पांढरी अँब्युलन्स स्पष्ट दिसत होती. वहिनी माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "काऊन गप बसली व? आता नाई देत घोषणा?"

काका मात्र शांत होते. त्यांना माहीत होतं की आता दुसरी बॅटरी आहे. मीच तर कागद चिकटवला होता. त्यांनी मूठ फिरवून "दोन"वर आणली. मी "काका, ती लावलेली नाही" म्हणायला तोंड उघडलं…

काकांनी बटण दाबलं आणि इंजिन लागलं.

अडखळलं नाही. नव्या बॅटरीवर लागतं तसं, पहिल्या झटक्यात. काका म्हणाले, "पाह्य, दोन नंबर कामी आला का नाई!" मी तोंड मिटलं. काठ येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. बोलले तर बंद पडेल, असं मला वाटलं. मला! लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

वहिनीला उतरवलं, अँब्युलन्स गेली. मग मी फळी उचलली, पेटी उघडली. चिंधीत गुंडाळलेलं टोक बाजूला जसंच्या तसं पडलेलं. बोल्ट मोकळा. त्या बोल्टाला हात लावला तर तो गरम होता. पेटीत ऊन येत नाही.

बुधवारी रफीकभाई आले. मी काही न सांगता स्वीच तपासायला सांगितला. मूठ "दोन"वर ठेवून बटण दाबलं, आवाजसुद्धा नाही. आतले संपर्क एकमेकांना चिकटले असतील म्हणून मीटर लावून पाहिलं, तेही नाही. एक नंबर मेलेलीच होती. मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चिंधीची गाठ बोटांनी चाचपली. म्हणाले, "ही गाठ मीच मारली, ताई. कोणी सोडून परत मारली असती तर मले समजलं असतं." नवं थिंबल लावताना ती चिंधी त्यांनी कापून काढली नाही, तशीच सरकवून काढली आणि माझ्या हातात दिली.

वहिनी आठ दिवसांनी घरी आली. तोवर माझं नवं पत्रक छापून झालं होतं. "दुसऱ्या बॅटरीमुळे जीव वाचला. पण बोट किती दिवस? पूल कधी?" त्यातलं पहिलं वाक्य खोटं. दुसऱ्या बॅटरीमुळे वाचला हे मी सांगू शकत नाही, कारण ती जोडलेलीच नव्हती. बायकांनी त्या लाल मुठीला हळदकुंकू लावायला सुरुवात केली तेव्हा मी भांडले. उद्या तार सुटली तर कुंकवावर इंजिन लागणार आहे का? पण भांडतानाही ठाऊक होतं, त्या दिवशी लागलं कशावर हे मलाही माहीत नाही.

हा मजकूर पाठवण्याआधी मी वहिनीच्या ओसरीवर बसून तिला वाचून दाखवला. काकांना सांगितलं नव्हतं ते, भोंग्याचं, सगळं. ती सरकी निवडत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजे मी तिथं मरून राह्यली होती, अन् तुले मालूम होतं का तार लागली नाई म्हणून?"

"हो."

"अन् माह्या सासूले तूच अडवलं होतं."

"हो."

मग पुन्हा सरकीत हात घालत म्हणाली, "दवाखान्यात नेलं ते बरोबरच केलं तू. पण पुढच्या टायमाले आधी तार लाव. कागद मंग लाव."

म्हणून ही दुरुस्ती. मांत्रिकाकडे जाऊ नका, हे मी आजही तितक्याच जोरात सांगते. पूल झालाच पाहिजे, हेही. आता बोट सुटण्याआधी रोज मी पेटी उघडते, दोन्ही बोल्ट हाताने ओढून बघते, काकांनाही बघायला लावते. "दोन"वर इंजिन लागतं, कारण तार लावलेली आहे.

त्या मंगळवारी नव्हती. चिंधी माझ्या पिशवीत आहे, गाठीसकट. कोणाला काही सुचत असेल तर येऊन बघा.