पालकात उगवलेला झेंडू

आज सकाळी रामवीरजींचा फोन आला आणि हातातला चहा तसाच राहिला... "दीदी, आ के देखो, आपकी खाद ने मेरे पालक का क्या कर दिया!"

रामवीरजी म्हणजे आमच्या मयूर विहारजवळ, यमुनेकाठी भाजी पिकवणारे शेतकरी. आमचं गणेश मंडळ निर्माल्याचं खत करतं, आणि ते त्यांनी शेतात घालावं म्हणून मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले होते. युरिया टाकून टाकून जमीन विटेसारखी झालीय, हे त्यांनाही दिसत होतंच.

पण त्यांची अडचण वेगळीच... देवाला वाहिलेली फुलं, त्यांच्यावर पाय पडला तर पाप कोणाला? याचं उत्तर आमच्या मंडळाच्या पॉवरपॉइंटमध्ये नव्हतं!

शेवटी दिवाळीनंतर, केवळ माझ्या भरवशावर, त्यांनी पालकाचा एक कोपरा दिला. तिथे ते चप्पल काढून जायचे, भर थंडीत. बघून मलाच हुडहुडी भरायची.

आणि आता हा फोन. मी महिनाभर पुण्याला होते, मागे काय झालं काहीच ठाऊक नाही. कोपरा वाया गेला असेल तर रामवीरजी पुन्हा खताचं नाव काढणार नाहीत, आणि त्यांच्याकडे बघून थांबलेले शेजारीही नाहीत... स्कूटरवर अख्खा रस्ता मी गणपतीला विनवत होते.

पोचले तर काय... हिरव्यागार पालकात जागोजागी केशरी झेंडू! आमची मंडळी घाईची. खत नीट कुजायच्या आत पोती भरली, आणि हारांमधलं बी तसंच राहिलं. देवाची फुलं म्हणून रामवीरजींनी निंदताना एकही रोप उपटलं नव्हतं.

मी सॉरी म्हणणार, तेवढ्यात त्यांनी मूठभर माती माझ्या हातावर ठेवली. भुसभुशीत, ओलसर, आणि तिच्यात वळवळणारं गांडूळ... मी किंचाळले, ते पोट धरून हसले.

"फूल तो बप्पा ने ख़ुद लौटा दिए, दीदी. अब पाप काहे का? अगली बार पूरे खेत की खाद चाहिए."

मला इतका आनंद झाला की पूर्ण शेताचं खत आणणार कुठून, हा विचार घरी आल्यावर सुचला. तेव्हा मयूर विहारकरांनो, देवघरातलं एक फूल जरी कचऱ्यात टाकलंत तर गाठ माझ्याशी आहे!

रामवीरजींनी दिलेला झेंडू संध्याकाळी गणपतीला वाहिला. त्याचाच होता, त्याला पोचला... उद्या सकाळी परत शेताच्या वाटेला लागेल.