कुंपणाबाहेरचा प्रोकोपीस

प्रोकोपीस माझा चौथीतला विद्यार्थी. भूगोलात हुशार, गणितात आळशी, आणि चुकीचं उत्तरसुद्धा इतक्या आदबीनं द्यायचा की रागवायचं राहून जायचं. पुढे त्यानं पस्तीस वर्षं सहलीची बस चालवली. मायसिनी, एपिडॉरस, ऑलिम्पिया, डेल्फी. आमच्या ग्रीसमधल्या प्राचीन देवळांपर्यंत त्यानं किती माणसं पोहोचवली असतील, त्याचा हिशेब त्यालाही नसेल. स्वतः मात्र तो फाटकाच्या आत कधी गेला नाही.

चालक आत जात नाहीत, ही तशी रीतच आहे. मंडळी उतरली की चालक काचा पुसतात, एकमेकांच्या मुलांची लग्नं जमवतात, सामानाचा कप्पा उघडून त्या गारव्यात आडवे होतात. दुपारी खानावळीत स्वयंपाकघराशेजारचं टेबल त्यांचं. प्रोकोपीसही तेच करायचा. पण ऑलिम्पियात तो आत गेला नाही तो सवयीनं, आणि आमच्या लिकूरी गावाखालच्या जुन्या नगरात गेला नाही तो शब्दाला बांधला होता म्हणून.

त्या नगरावर पूर्वी शेतं होती. प्रोकोपीस नऊ वर्षांचा असताना कुणाच्या तरी नांगराला एक संगमरवरी मूर्ती लागली. मूर्ती एका लहान मुलीची, हातात कबुतर धरलेली. सरकारला कळलं, खोदकाम सुरू झालं, आणि दोन वर्षांत अर्ध्या गावाच्या जमिनी कुंपणाआड गेल्या. त्यात प्रोकोपीसच्या वडिलांचं, अनेस्तीसचं, शेत आणि मळणीचं खळंही होतं. अनेस्तीस मग तेलाच्या घाण्यावर मजुरीला लागला आणि प्रोकोपीसची शाळा चौदाव्या वर्षी सुटली. शेवटच्या आजारात, वाचा जायच्या आधी, बापानं मुलाचा हात धरून सांगितलं, "त्या कुंपणात आपल्या घरातल्या कुणाचा पाय पडता कामा नये." त्याला आता अठरा वर्षं झाली.

आमच्या निवृत्त शिक्षकांच्या संघाची तीन दिवसांची सहल दर मे महिन्यात निघते. चालक प्रोकोपीसच हवा, असा आमचा हट्ट. मागच्या वर्षीची सहल त्याची शेवटची होती. जूनमध्ये तो निवृत्त होणार होता.

निघायच्या सकाळी चौकात त्याची आई उभी. पोलिक्सेनीताई, वय शहाऐंशी, काळा झगा, काळा रुमाल, एका हातात काठी, दुसऱ्यात उकडलेल्या अंड्यांची पिशवी.

"आई, तू इथे काय करतेस?"

"सहलीला चाललेय. बाईंनी माझं नाव घातलंय."

"ही शिक्षकांची सहल आहे."

"मग? तुला बोलायला कुणी शिकवलं?"

प्रोकोपीसनं माझ्याकडे बघितलं. मी पिशवीत चष्मा शोधू लागले. ताईंनी महिनाभर आधी मला पटवलं होतं. त्यांना एकदा आपलं खळं बघायचं होतं. पायांचं काही खरं नाही, पुढच्या मे महिन्यापर्यंत टिकतील असं वाटत नाही, म्हणाल्या. आणि न्यायला हवा होता मुलगाच.

पहिले दोन दिवस त्या चालकामागच्या सीटवर बसून होत्या आणि त्यांचं तोंड थांबत नव्हतं. एपिडॉरसला सगळे उतरले आणि प्रोकोपीसनं फडकं काढलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "पस्तीस वर्षं लोकांना लग्नाला नेतोस आणि स्वतः घोड्यापाशी थांबतोस."

"घोड्याला कुणीतरी पाहिजे ना, आई."

"बघा बाई. गणित आलं नाही याला, पण उत्तरं येतात."

आमच्याबरोबर दानाई नावाची मार्गदर्शक होती. तिशीची, परवानाधारक, गळ्यात ओळखपत्र. अशा जागी आत समजावून सांगायचा हक्क फक्त परवानेवाल्यांना असतो, आणि दानाई तो हक्क अगदी मनापासून बजावायची. आमचे फोतीस, व्यायामाचे निवृत्त शिक्षक, तिला मुद्दाम छळत. "पोरी, हा खांब मी लहानपणी उभा बघितलाय."

"काका, तो दीड हजार वर्षांपूर्वी पडलाय."

"मग माझं वय झालं म्हणायचं."

फोतीसही लिकूरीचेच. त्यांच्या आजोबांचे दोन द्राक्षमळे त्याच कुंपणाआड गेलेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी, परतीच्या वाटेवर, बस लिकूरीखालच्या त्या नगरापाशी थांबली. मंडळी उतरून फाटकाकडे उतरणीनं निघाली. ताई बसच्या पायरीवर बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

"चल, हात दे," त्या मुलाला म्हणाल्या.

"बाई नेतील तुला. फोतीसकाका नेतील."

"मला तुझा हात पाहिजे."

"आई, मी बाबांना शब्द दिलाय. तू तिथेच होतीस."

"होते. म्हणून तर आलेय." मग त्या माझ्याकडे वळल्या. "थांबा बाई, जाऊ नका. कुणीतरी ऐकलेलं बरं. हा उद्या म्हणेल, म्हातारी भ्रमिष्ट झाली."

मी थांबले. त्यांनी रुमालाची गाठ सैल केली.

"ती मूर्ती तुझ्या बापाला सापडली," त्या म्हणाल्या.

प्रोकोपीसच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

आमच्याकडे शेतात जुना दगड लागला की माणूस आधी आजूबाजूला बघतो आणि मग त्यावर माती ओढतो. सगळेच करतात. कळलं की शेत गेलं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मूर्ती निघाली तिथे चार शेतांचे बांध मिळत होते, म्हणून नांगर नक्की कुणाचा होता ते गावात कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्या नाव नसलेल्या माणसाला सगळं गाव शिव्या देत होतं.

"त्यानंही माती ओढली होती," ताई सांगू लागल्या. "घरी येऊन जेवला. दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेला, माती बाजूला केली, तोंड दाखवलं. लेनियोएवढीच होती रे. गाल तसेच."

लेनियो ही प्रोकोपीसची धाकटी बहीण. त्याच हिवाळ्यात ती तापानं गेली होती. माझ्या वर्गात प्रोकोपीस आठवडाभर बोलला नव्हता, ते मला आठवलं.

"म्हणाला, पोलिक्सेनी, झाक तू. मी म्हटलं, तू झाक. दोघांनीही नाही झाकली. एका वर्षात दुसऱ्यांदा पोरीच्या तोंडावर माती लोटायची, नाही झालं आमच्यानं. तिसऱ्या दिवशी तो बस धरून जिल्ह्याच्या गावी गेला आणि पुराणवस्तूंच्या कचेरीत सांगून आला. माझं नाव कुठे लिहू नका, एवढंच मागितलं. त्याला वाटलं होतं, मूर्ती नेतील आणि शेत ठेवतील."

"मग मला शब्द कशाला द्यायला लावला?"

"गावातलं दुसरं कुणी आत गेलं असतं तर चाललं असतं. पण आपलं कुणी गेलं, त्या जागेपाशी उभं राहिलं, रडलं, आणि लोकांना कळलं तर? भीत होता तो. तुझी शाळा सुटली ना, तेव्हापासून तुलाही भीत होता."

प्रोकोपीस बराच वेळ बसच्या चाकाकडे बघत उभा राहिला. चौसष्ट वर्षांच्या माणसाचा राग इतकी वर्षं कुणावर होता, ते त्याला आता पुन्हा मांडून बघायचं होतं, आणि त्यात शिक्षिकेचं काही काम नव्हतं. शेवटी त्यानं फडकं घडी करून खिशात ठेवलं, बसला कुलूप लावलं आणि हात पुढे केला.

फाटकातून तो आत गेला तेव्हा रखवालदार, जो त्याच्याशी वीस वर्षं बाहेर बसून पत्ते खेळला होता, खुर्चीतून उठून उभाच राहिला.

ताईंना सगळं ठाऊक होतं. ही वाट, इथे बदामाचं झाड, इथे फोतीसच्या आजोबांची खोपी. मंडळी दानाईला सोडून हळूहळू त्यांच्याभोवती जमली. रखवालदार मागून आला. "आत माहिती फक्त परवानाधारकांनी द्यायची. नियम आहे."

"मी भाषांतर करतेय," दानाई म्हणाली.

"ग्रीकमधून ग्रीकमध्ये?"

"लिकूरीच्या ग्रीकमधून. तुम्ही जा ना, दादा."

खळ्याचे दगड अजून गोल होते. त्यापलीकडे एक फलक होता. मूर्तीची जागा तीच. मूर्ती आता जिल्ह्याच्या संग्रहालयात आहे. प्रोकोपीसनं फलक मोठ्यानं वाचला, शाळेत वाचायचा तसा, एकेक शब्दावर थांबून. "ही मूर्ती एका अज्ञात शेतकऱ्याला नांगरताना सापडली."

मग त्यानं टोपी काढली आणि फोतीसकडे बघितलं. चाळीस माणसांपुढे आता बोललं की संध्याकाळपर्यंत सगळ्या लिकूरीला कळणार, हे त्याला आणि मलाही कळत होतं.

"तो माझा बाप होता," तो म्हणाला. "अनेस्तीस. त्यानंच जाऊन सांगितलं."

फोतीसनं आपल्या आजोबांच्या मळ्याच्या दिशेनं बघितलं. तिथे आता एक पायऱ्यांचं सभागृह उघडं पडलेलं आहे.

"माझ्या आजोबांनी त्या माणसाला मरेपर्यंत शिव्या दिल्या," फोतीस म्हणाले.

"माहीत आहे. आमच्याच ओट्यावर बसून द्यायचे."

"आणि तुझा बाप काय करायचा?"

"तोही द्यायचा. दोन जास्तच."

फोतीसच्या तोंडून आवाज निघाला तो हसण्याचा की कसला, मला सांगता येणार नाही. त्यांनी डोळे पुसले, मग नाक पुसलं. "स्वतःला?"

"स्वतःलाच."

"चाळीस वर्षं?"

"सदतीस," ताई म्हणाल्या. "शेवटच्या वर्षी बोलता येत नव्हतं."

फोतीस खळ्याच्या कडेला बसले. आजोबांच्या वतीनं माफ करायचा हक्क आपल्याला आहे का, असं काहीतरी ते स्वतःशी ठरवत असावेत. नंतर ते दानाईला म्हणाले, "पोरी, फलक तर तुला बदलता येणार नाही. पण तोंड तुझंच आहे ना? पुढच्या लोकांना काय सांगशील?"

दानाईनं ओळखपत्र सरळ केलं. फलकाशेजारी जाऊन उभी राहिली. आम्ही सगळे तिच्यासमोर अर्धवर्तुळात, आणि प्रोकोपीस सर्वांत मागे, टोपी हातात धरून.

"इथे," तिनं सुरुवात केली, "या खळ्याच्या पूर्वेला, लिकूरीच्या अनेस्तीस नावाच्या शेतकऱ्याला एका लहान मुलीची मूर्ती सापडली. त्यानं ती झाकून ठेवली नाही…"

तिचा आवाज जरा अडखळला. ताई अगदी पुढे, तिच्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी काठी जमिनीवर टेकली.

"मोठ्यानं बोल, बाळ," त्या म्हणाल्या. "मागं ऐकू येत नाही."