देवघरातला जॅक

यंदा माझी पत्नी गेली. समाचाराला येणारी माणसं हलक्या आवाजात 'कसं झालं?' असं विचारतात, तेव्हा देवळी गावाकडच्या एका घराचं अंगण हटकून माझ्या डोळ्यांपुढे येतं; तिथं हाच प्रश्न विचारायला मी गेलो होतो. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी त्या भागात ठाणेदार होतो.

खंडेनवमी होती. ठाण्यातल्या बंदुका पुसून पूजेसाठी मांडल्या होत्या. एका गावचा कोतवाल वर्दी घेऊन आला. घरच्या अंगणात दुरुस्तीसाठी उचललेली मोटार अंगावर पडून मालक मेला होता. वर्दी नोंदवून झाली तरी कोतवाल हलेना.

"आणखी काय?"

"साहेब, मोटारीखाली जॅकच नव्हता म्हंतेत लोकं. अन् लहान्या भावाचं त्याच्याशी रोज भांडन. म्हने, बैल बांधाच्या जागी हे धूड काऊन उभं केलं?"

पंचनाम्यात पुढचं एक चाक काढलेलं दिसलं. त्या बाजूला कच्च्या विटांचा चुरा होता. जॅक कुठंच नव्हता. शेजाऱ्यानं सांगितलं, मयत सावध माणूस होता. जॅकनं मोटार उचलायचा, विटा रचून भार त्यांच्यावर घ्यायचा आणि जॅक तिथंच शेजारी उभा ठेवायचा. विटा दबल्या तरी जॅक मोटारीला धरून ठेवील, असा त्याचा हिशेब.

लहान्या भावाला समोर बसवलं. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "जॅक मीच काढला. राग आल्ता."

"कुठं आहे तो?"

"विहिरीत फेकला."

गुन्हा केलेला माणूस आधी आपण कुठं होतो ते सांगतो. एवढ्या घाईनं कबूल होणारा क्वचितच भेटतो. तरी विहिरीत माणूस उतरवायला सांगितलं आणि दोर येईपर्यंत आईचा जबाब घ्यायला घरात गेलो.

देवघरात पाटावर विळे, नांगराचा फाळ आणि मोटारीचे पाने मांडले होते. मधोमध जॅक होता. धुतलेला, हळदीकुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल.

"हा इथं कुणी आणला, माय?"

"म्याच," म्हातारी म्हणाली. "मोठा आंघोळीले गेल्ता. मोटार इटायवर टेकून होती, हा सैल होता. हातानंच निघाला. आज औजाराले काम सांगत नाई, साहेब. मंग आला अन् म्हने, 'एक नट राह्यला माय, तेवढा कसून येतो.' मी आत ताट करून राह्यली होती."

त्या विटा कच्च्या होत्या आणि त्यांना पाठीराखा राहिला नव्हता, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. लहाना दाराशी आला होता. त्यानं मला बाहेर ओढलं आणि माझे पाय धरले.

"साहेब, मायले कळलं त ते मरून जाईन. माझं नाव लिहा."

"तुझं नाव लिहिलं तर तिचे दोन्ही लेक गेले," मी म्हणालो. "आणि खोटं मी लिहिणार नाही."

तिचा जबाब लिहून झाला. तिला वाचता येत नव्हतं; तो वाचून दाखवणं भाग होतं. मी टोपी काढली, तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सावकाश वाचू लागलो. जॅक काढल्याच्या वाक्यापाशी तिनं हात वर केला.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"हा तिथं असता त मोटार पडली नसती?"

लहाना घाईनं म्हणाला, "नाई माय, इटाच कच्च्या होत्या."

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेच पाहत राहिली.

"नसती पडली, माय," मी म्हणालो. "पण तुम्हाला ते माहीत नव्हतं. तेही मी लिहिलं आहे."

अंगणातली लहान्याची कबुली तिच्या कानावर आली असावी; ती कशासाठी होती, ते तिला आता कळलं. मग लहान्याकडे वळली.

"अन् तू म्हनशीन, 'मीच काढला'? येडा हाय काय रे?" असं म्हणून तिनं त्याचं मनगट धरलं. आम्ही निघेपर्यंत ते सोडलं नव्हतं.

अकस्मात मृत्यूची नोंद कायम झाली. लहान्यावर गुन्हा दाखल झाला नाही.

माणसाकडून खरं कसं काढून घ्यावं, हे मला खात्यानं शिकवलं. जिला ते जन्मभर सोसायचं आहे तिच्या हाती ते कसं द्यावं, हे मी त्या घरात शिकलो. तिच्या बरोबरीनं जमिनीवर बसावं, ती विचारील तेवढंच सांगावं, आणि तिनं पुन्हा विचारलं तर उत्तर बदलू नये.