चौथ्या टोळीची कवडी

चौथ्या टोळीची कवडी पुन्हा शाळेपाशी आली होती. मागच्या सोमवारी मी स्वतः ती विहिरीच्या चौकोनात ठेवली होती. त्याच्या मागच्या सोमवारीही.

"ओव्हरसियर, पोरखेळ लावलाय का?" साहेब कडाडले.

"साहेब, मी हात नाही लावला."

खेळ खरं तर साहेबांचाच. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. जिकडंतिकडं बांधकामं निघाली होती अन् मजूर मोजके. साहेब पुण्याकडचे, हुशार. त्यांनी टेबलावर आमच्या भागाचा नकाशा डकवून चौकोन आखले. लाकडी ठोकळे म्हणजे शाळा, गोडाऊन, दवाखाना. कवडी म्हणजे मजुरांची टोळी. दर सोमवारी डाव. एका पाळीत एकच टोळी हलवायची, अन् ठेवलेली कवडी पुढच्या सोमवारपर्यंत उचलायची नाही. जिथं कवडी, तिथं टोळी. मला हा प्रकार भलता आवडायचा, खोटं कशाला बोलू!

चौथी टोळी म्हणजे काशिनाथ मुकादम, त्याची बायको अन् दहा माणसं. साखरखेर्ड्याच्या अलीकडं एका गावात ते शाळा बांधत होते. साहेबांना विहीर आधी हवी होती. शाळेच्या बाजूचा चौकोन कोरा दिसला, तिथं त्यांनी ती आखली. दोन आठवड्यांत पंधरा फूट खोदून झाल्याचं मी कागदावरच पाहिलं होतं.

त्या टेबलाच्या खोलीची किल्ली नामदेव शिपायाकडं. तो रडकुंडीला आला. "मी काऊन हात लावू साहेब? मले तं आत झाडायले बी भेव वाटते."

ते खरं असावं. टेबलावर बोटभर धूळ होती अन् विहिरीपासून शाळेपर्यंत त्या धुळीवर एक ओरखडा नव्हता. टेबल कललं असेल म्हणून मी पाणसळ ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला, की जागा सपाट. बुडबुडा अगदी मधोमध थांबला.

साहेबांनी स्वतः कवडी विहिरीवर ठेवली. "आज टोळी खाली उतरली नाही, तर उद्यापासून येऊ नका."

मी टेम्पररी होतो. सायकल काढली.

काशिनाथ कमरेला दोर बांधून काठावर उभा होता. "उतरू का साहेब?"

हो म्हणायचं होतं. त्याऐवजी काहीतरी करायचं म्हणून काठापासून दहा पावलांवर पहार मारली. ती जोर न लावताच हातभर आत गेली, कोणी खालून ओढल्यासारखी. बाहेर काढली तर टोकाला राख, अन् बांगडीचा तुकडा.

"काय हाय हे, काशिनाथ?"

"पांढरी हाय साहेब. गाव होतं इथं. पटकीच्या साथीत उठलं म्हनतात."

पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची माती. राख, शेण, पडक्या भिंती. भुसभुशीत. तिच्यात विहीर धरत नाही.

"आधी काऊन नाही सांगितलं?"

"तुमी नकाशा घेऊन आलते. आमाले कोनं इचारलं?"

मला लाज वाटली. मीही इथल्याच शेतकऱ्याच्या घरचा. "शाळेपाशी चला सगळे," मी म्हणालो. म्हणालो अन् कवडी आठवली.

आम्ही भाकरी सोडत होतो. वारा पडलेला. विहिरीकडून आवाज आला, धप्प. एकदाच. जाऊन पाहिलं तर विहीर नव्हतीच. काशिनाथच्या बायकोनं माणसं मोजली. "बारा हायेत," म्हणाली, अन् पुन्हा मोजायला लागली.

रिपोर्टात मी लिहिलं, 'माती भुसभुशीत आढळल्याने काम थांबवले.' कवडीसाठी त्या फॉर्मात रकाना नव्हता. साहेबांनी सही केली. नोकरी राहिली.

पुढच्या सोमवारी खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "नामदेव, कवडी कुठं आहे?"

"तुमी ठेवली तितंच हाय साहेब. या बारीले नाई हलली."

साहेबांनी दोन बोटांनी ती उचलली अन् शाळेपाशी ठेवली.

पुढं रिटायर होईपर्यंत, नकाशावर कोरी जागा दिसली की मी आधी गावात विचारलं, मग पहार मारली, मगच आखलं. ते टेबल मात्र माझी बदली होईपर्यंत कोणी झाडलं नाही.