चष्मा पुसणारा

आमच्या अकोल्याच्या ऑफिसातून शेतकऱ्यांना फवारणीचे मेसेज जातात. कोणी काय पेरलंय, ते आमच्या सर्च इंजिनमधला एक ठरवून दिलेला नियम, म्हणजे 'पॉलिसी', पीकयादीतून उचलून त्या शेतकऱ्याच्या नोंदीला जोडते. ती पायथन प्रोग्राममधून चालवणारा सहकारी माझ्या शेजारी बसतो. ती चालवली, की सगळं बरोबर गेल्याची खात्री होईतो चष्मा पुसत राहतो.

परवा भातकुलीच्या काही शेतकऱ्यांचं पीक मी यादीत कपाशीऐवजी तूर असं बदललं आणि चहाला निघालो.

"पॉलिसी पुन्हा चालवली काय?" त्यानं विचारलं.

"यादी बदलली ना!"

"पुन्हा चालवल्याबिगर तिच्यापाशी यादीची जुनीच नक्कल हाये. तुरीवाल्याले कपाशीचं औषध सांगशीन."

त्यानं पॉलिसी चालवली, मेसेज सोडले, भातकुलीच्या एका शेतकऱ्याला फोन लावला. "काकाजी, मेसेजात तूरच आली न?"

तिकडून होकार आला, तेव्हा चष्मा डोळ्यांवर चढला. आता मी चहाला त्याच्या मागूनच निघतो, त्याचा चष्मा चढल्यावर.