उजव्या हाताची ओळख

माणूस चेहऱ्यावरून ओळखता येतो, ही माझ्या बायकोच्या मामांच्या मते शुद्ध थाप आहे. माणूस ओळखावा तो पोटावरून. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरच्या पलंगावर लोकांची पोटं चोळून द्यायचं व्रत घेतलं, तेही फुकट, आणि स्वतःच्या उजव्या हाताचे असे काही लाड सुरू केले की मामी त्या हाताबद्दल सवतीसारखं बोलू लागल्या. त्या हाताने पिशवी उचलायची नाही, नारळ फोडायचा नाही, शेकहँड तर नाहीच. बाजारात कुणी नमस्कार केला की मामा कोऱ्या चेहऱ्याने बघत राहायचे. त्याने तक्रारी सांगितल्या की मात्र खुलायचे. ‘हां, डाव्या कुशीत गॅस धरणारे ना आपण?’ असं भर भाजीवाल्यांसमोर विचारायचे. तो गृहस्थ पुढच्या वेळी दुसऱ्या गल्लीने जायचा.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तेव्हा दहा वर्षांचं बद्धकोष्ठ आणि ॲसिडिटी बाळगून होतो. लोक पंगतीत जिलबी मागत आणि मी ताकाची वाटी धरून बसत असे. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नव्हतं. तपासणीचे रिपोर्ट पाहिल्याशिवाय मामा कुणालाच हात लावत नसत. इंग्रजी वाचता येत नसलं तरी चष्मा लावून प्रत्येक पान उलटायचे. एखाद्याच्या पोटात हाताला काही वेगळं लागलं तर त्याला तिथूनच रिक्षात घालून दवाखान्यात पाठवायचे. एरवी गरम पाण्याच्या तांब्यावर हात शेकायचा, त्यावर कोमट एरंडेल घ्यायचं आणि तो बेंबीभोवती अर्धा तास सावकाश फिरवायचा. बोलायला बंदी. पहिल्याच दिवशी त्यांचा हात मध्येच थांबला. ‘जावईबापू, उभ्याने जेवता,’ ते म्हणाले. हडपसरची बस गाठायची म्हणून मी खरोखरच ओट्यापाशी उभा राहून जेवायचो. हे हाताला कळलं की बायकोने आधीच फोनवर सांगितलं होतं, ते मी आजवर विचारलेलं नाही. गुण चोळण्याचा आला की बसून जेवण्याचा, तेही मला ठाऊक नाही. पण वर्षभर दर रविवारी गेलो आणि होळीला तीन पुरणपोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट साफ झाल्याचं फोनवर कळवलं तेव्हा मामांनी ती बातमी मामींना दोनदा ओरडून सांगितली. या माणसाने मला जेवण परत दिलं, ते मी कसं विसरेन?

विसरायला आता मामाच लागले आहेत. मामींनाही कधी कधी ‘आपण कुणाकडच्या?’ असं विचारतात. गेल्या रविवारी संध्याकाळी गेलो, तर माझ्याकडेही तसंच कोऱ्या चेहऱ्याने बघत राहिले. मी नाव सांगितलं, बायकोचं सांगितलं. ते नम्रपणे मान हलवत राहिले. मला तिथे बसवेना. शेवटी शर्टाची बटणं काढून मी पलंगावर आडवा झालो. मामींनी गरम पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मामांनी हात शेकला, माझ्या पोटावर ठेवला. तो बराच वेळ फिरला आणि थांबला.

‘जावईबापू, आज परत उभ्याने जेवलात.’

दुपारी मी घरी बसून, अगदी सावकाश जेवलो होतो.

‘हो मामा,’ मी म्हणालो, ‘चुकलं.’